तेराव्याला दिलेला दिवा

गुरुवारी सकाळी माझी पत्नी वारली. मी दूध घेऊन आलो तेव्हा ती खोलीत टेबलासमोर बसली होती. मी हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. टेबलावर दिव्याची मोटर होती आणि तिच्या हातात ब्रश होता.

त्या सकाळविषयी मला याहून जास्त लिहिता येत नाही. पुष्कळदा बसलो, लिहिलं, खोडलं. म्हणून ती गेल्यानंतर जे घडलं ते लिहितो आहे. त्यात एक दिवा आहे आणि तिचा धाकटा भाऊ आहे.

दिवा म्हटलं की समई डोळ्यांसमोर येते, नाहीतर कंदील. ती जमवायची ते दिवे वेगळे. अँब्युलन्सच्या टपावर, आगीच्या बंबावर, पोलिसांच्या जीपवर पूर्वी जे फिरते दिवे असत, ते. आता गाड्यांवर लांब पट्टीचे एलईडी आले. जुना दिवा म्हणजे उपड्या तपेलीसारखं लाल, निळं किंवा पिवळं आवरण, आत एक बल्ब, आणि बल्बभोवती फिरणारा आरसा. बल्ब जागचा हलत नाही, फिरतो तो आरसा. लांबून बघणाऱ्याला मात्र दिवाच गरगरतो आहे असं वाटतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

ती आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवायची. मी एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळायचो. आम्हाला मूल नव्हतं. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात तीन खोल्या, एक ह्यांच्या पुस्तकांची, एक माझ्या दिव्यांची आणि उरलेली आमची, असं ती पाहुण्यांना सांगायची. अंबड लिंक रोडवर भंगाराचा मोठा बाजार होता त्या काळात ती मुलांच्या प्रात्यक्षिकासाठी विजेच्या जुन्या मोटरी शोधायला तिथे जात असे. एकदा लोखंडाच्या ढिगातून तिने एक लाल दिवा ओढून काढला. अँब्युलन्सचा होता. आवरणाला तडा गेलेला, आत चिखल. भंगारवाला तो तराजूत टाकायला निघाला तर ही त्याच्यावर रागावली. घरी येऊन मला म्हणाली, "ह्याच्यासाठी लोकांनी रस्ता सोडलाय हो. हे किलोवर विकतात?" पुढचा आठवडाभर ती तो दिवा धूत होती. तिथून सुरुवात झाली.

मग धुळ्याचं, मालेगावचं, जुन्या गाड्यांचे लिलाव होतात तिथलं, कुठलं कुठलं सामान घरात येऊ लागलं. सोसायटीतले लोक चिडवायचे. "काय वहिनी, लाल दिवा मिळाला म्हणे?" ती म्हणायची, "दिवा मिळाला. साहेब अजून मिळाले नाहीत, घरात हेच आहेत." दसऱ्याला लोक गाड्या धुऊन झेंडूचे हार घालतात, ती दिव्यांना घालायची. सगळ्यांना हळदकुंकू वाहायची आणि सगळे एकदम लावायची. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता वर धावत आले. खिडकीतून लालनिळा उजेड रस्त्यावर पडला होता. "कोणाला नेताय?" त्यांनी दारातच विचारलं. ती हसत सुटली आणि त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली.

पण एका बाबतीत ती कधी हसली नाही. घरात आलेला दिवा ती दुरुस्त करायची आणि मग तो गाडीवर बसणार नाही अशी व्यवस्था करायची. बुडाचे बोल्ट कापायची. गाडीच्या बॅटरीची वायर काढून टाकायची आणि घरच्या प्लगवर चालेल असा छोटा ट्रान्सफॉर्मर जोडायची. कितीतरी जण मागायला आले, लग्नाच्या वरातीसाठी, गणपतीच्या देखाव्यासाठी, एकदा तर एक नगरसेवकाचा माणूस आला. तिने कोणालाही दिला नाही. मी एकदा म्हटलं, वरातीला एक दिवस दिला तर काय बिघडलं. ती म्हणाली, "हा दिवा दिसला की लोक वाट देतात. का देतात? कोणीतरी मरायला टेकलंय असं समजून देतात. खोट्याला दोनदा दिली की तिसऱ्यांदा खऱ्यालाही देणार नाहीत. माझ्या घरातला दिवा रस्त्यावर जायचा नाही." तिने लाल दिव्यांसाठी छत्रीच्या काळ्या कापडाच्या टोप्या शिवल्या होत्या. पूर्वी साहेब गाडीत नसले की ड्रायव्हर दिव्यावर अशी टोपी चढवायचा. "आपल्याकडे साहेब कधीच नसतात," ती म्हणायची, "म्हणून टोपी कायमची."

तिचा भाऊ येवल्याला असतो. तिथे त्याचं रेशीम आणि जरीचं दुकान आहे. विणकर त्याच्याकडून माल नेतात. आईवडील लवकर गेल्यामुळे हिनेच त्याला वाढवलं. ती गेली त्या दिवशी तो आला आणि पुढचे सगळे दिवस त्यानेच निभावले. मी पुस्तकांच्या खोलीत बसून राहिलो, तो धावत राहिला. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दहावा झाला, गुरुजी, भांडी, स्वयंपाक, येणारेजाणारे, सगळं त्याने पाहिलं. त्याच्याकडे गाडी नाही. त्याचा एक मित्र आपली मोठी पांढरी गाडी घेऊन त्याच्यासोबत नाशिकला येत होता. हा मित्र रस्त्यांची कामं घेतो. त्याला तिकडे सगळे भाऊ म्हणतात. मी त्याला इथे ठेकेदार म्हणेन, म्हणजे कोणता भाऊ हा घोटाळा होणार नाही.

तेराव्याला आम्ही तिचे कपडे दिले, चप्पल दिली, छत्री दिली, अंथरूण दिलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी पहिल्यांदा दिव्यांच्या खोलीत गेलो. मधल्या फळीवर धूळ होती, आणि धुळीत एक स्वच्छ गोल होता. भंगारात मिळालेला तो पहिला दिवा तिथे असायचा. टोपीही नव्हती.

मी येवल्याला फोन लावला.

"दाजी, तो मी दिला," मेव्हणा म्हणाला. आवाज बसलेला होता. तेरा दिवसांत तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता.

"कोणाला दिला?"

"भाऊला. एवढे दिवस गाडी घेऊन धावला तो माझ्यासंगं. आणि गुरुजी बोलले ना, गेलेल्या माणसाची आवडती वस्तू द्यावी म्हणजे जीव अडकत नाही. तुम्ही छत्री दिली. ताईचा जीव काय छत्रीत होता का?"

मी म्हटलं, "तो लाल आहे. अँब्युलन्सचा आहे. तुला तिचं माहीत आहे."

"चालत नाही तो गाडीवर. ताईनेच तसं केलंय. भाऊ शोकेसमध्ये ठेवील, आठवण म्हणून."

"तरी परत आण."

मग म्हणाला, "दाजी, तुम्ही एवढं वाचता. तेराव्याला दिलेलं दान कोणी परत मागतं का? देणाऱ्यालाही पाप, आणि जी गेली तिला गती नाही. माझ्या तोंडून ते होणार नाही. दुसरं काहीही सांगा."

मी फोन ठेवला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, आणि ते मी आयुष्यभर बिनधास्त सांगत आलो. पण त्या दिवसांत तिच्याविषयी कोणी गती म्हटलं, सुटका म्हटलं, की माझ्याच्याने वाद घालवत नव्हता. नाही म्हणायला जी खात्री लागते ती माझ्यात उरली नव्हती. तिने जिवंतपणी घातलेला नियम एका बाजूला आणि तिच्या मागे तिच्या भावाने पाळलेला नियम दुसऱ्या बाजूला. मी पुन्हा फोन लावला नाही. शोकेसमध्ये आहे, शोकेसमध्ये आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. रस्त्यावर सायरन ऐकू आला की मात्र पुस्तक खाली ठेवून खिडकीशी जायचो आणि गाडी जाईपर्यंत तिथून हलत नसे.

मग एका दुपारी मेव्हण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. ठेकेदाराने आपल्या स्टेटसला ठेवलेला. मैदानात उभी असलेली पांढरी गाडी, मोठ्याने गाणं, आणि काचेआड गरगरणारा लाल उजेड. खाली मेव्हण्याने लिहिलं होतं, "ताईचा दिवा. काय रुबाब आहे बघा." त्याने ते मला बरं वाटावं म्हणून पाठवलं होतं, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मी त्याच दिवशी एसटीने येवल्याला गेलो.

मेव्हणा दुकानात होता. मला पाहून गडबडला, चहा मागवला. मी चहा घेतला नाही. "मला त्याच्याकडे घेऊन चल," म्हटलं. "तू काही बोलू नकोस. मागणारा मी आहे. पाप लागायचं तर मला लागेल."

"तसं नसतं, दाजी. दान माझ्या हातनं झालंय."

तरी तो आला. दुकान शेजाऱ्यावर सोपवून, खांद्यावरच्या टॉवेलने पुन्हा पुन्हा तोंड पुसत, माझ्या मागे मागे.

ठेकेदाराची गाडी त्याच्या ऑफिससमोर उभी होती. दिवा समोरच्या काचेआड, डॅशबोर्डवर पट्ट्यांनी बसवलेला, आणि वर तिची काळी टोपी. टोपीची शिवण मी ओळखली. बुडातून एक नवी वायर लायटरच्या सॉकेटापर्यंत गेली होती. कोण्या वायरमनने ट्रान्सफॉर्मर काढून दिवा पुन्हा गाडीच्या बॅटरीवर आणला होता.

ठेकेदार उठून उभा राहिला, माझ्या पाया पडला. मी दिव्याचं बोललो. तिचा नियमही सांगितला, जमेल तसा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमचीच वस्तू आहे," तो म्हणाला. "मी काय नाही म्हणतोय का? पण दान दिलेलं असं उन्हात उभ्या उभ्या परत घेतात का? मी नाशिकलाच निघालोय. चला, घरी सोडतो तुम्हाला. तुमच्या उंबऱ्यात तुमच्या हातात देतो. म्हणजे माझंही पाप नको, ह्याचंही नको."

"हे चांगलं झालं," मेव्हणा म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. "मी पण येतो."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. त्यांनी मला मानाने पुढे बसवलं. दिवा माझ्या गुडघ्यांच्या समोर होता. मी सगळा वेळ टोपीकडे बघत होतो.

विंचूरच्या अलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर सुरू झाले. बाजार आवाराकडे जाणारी रांग रस्त्याच्या डाव्या बाजूने लांबवर लागली होती. काही ट्रॅक्टर दुहेरी रांग करून मधेच घुसले होते, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाड्याही अडल्या होत्या. ठेकेदाराने दोनदा हॉर्न वाजवला. मग हात पुढे करून टोपी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"लावू नका," मी म्हणालो.

"सर, दोन मिनिटं. नाहीतर इथेच संध्याकाळ होईल." त्याने बटण दाबलं. "टोपी निघाली की साहेब गाडीत आले समजायचं."

मोटर फिरू लागली. तिचा आवाज मला पाठ होता, बारीक आणि एकसारखा. आता तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. गाडीच्या आतलं सगळं लाल व्हायचं आणि जायचं, लाल व्हायचं आणि जायचं. आणि पुढचे ट्रॅक्टर खरोखरच सरकू लागले. बसलेले लोक ट्रॉलीतून वळून बघत होते. एका म्हाताऱ्याने घाईने चाक वळवलं, त्याची ट्रॉली रस्त्याखाली कलली आणि कांदे घरंगळले. चौकात उभ्या असलेल्या होमगार्डने शिट्टी वाजवली, समोरच्या गाड्या थांबवल्या आणि आम्हाला सलाम ठोकला.

"पाहिलं का सर?" ठेकेदार हसला. "मॅडमच्या दिव्यात ताकद आहे."

मागे मेव्हणा मान वळवून रस्त्यावरच्या कांद्यांकडे बघत होता.

"बंद करा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ग्रंथालयात मी कोणावर कधी ओरडलो नव्हतो, बोट ओठांवर ठेवलं की पुरायचं. इथे ओठांवर बोट ठेवून भागणार नव्हतं.

तेवढ्यात मागे सायरन वाजला.

मी दाराच्या आरशात पाहिलं. दोन ट्रॅक्टरांच्या मागे एक अँब्युलन्स होती. तिच्या टपावर एलईडीची पट्टी लुकलुकत होती, दुपारच्या उन्हात ती जेमतेम दिसत होती. आमच्यासाठी बाजूला झालेले ट्रॅक्टर आम्ही पुढे गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आले होते, आणि ती त्यांच्यामागे अडकली होती.

"येईल ती आपल्या मागोमाग," ठेकेदार म्हणाला. "उलट आपणच तिला वाट करून देतोय."

पण पुढे वाट संपली होती. समोरून आलेला ऊस भरलेला ट्रक आणि आमची गाडी तोंडाशी तोंड लावून उभी राहिली. होमगार्ड धावत आला. तो ट्रकवाल्यावर ओरडत होता, "मागं घे, साहेबांचा ताफा आहे!" मागचा सायरन चालूच होता. मी काच खाली केली. आमच्या शेजारच्या ट्रॅक्टरवर दोघे बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "अरे सरक की जरा, मागं अँब्युलन्स हाय."

दुसरा म्हणाला, "ताफ्यातली हाय ती. साहेबाच्या मागं एक रिकामी राहतीच की."

"रिकामी कशी म्हणतो?"

"मग काय भरलेली राहते? साहेबाला झाली सर्दी तर. राहू दे. आत्ता एकदा सरकलो, नंबर गेला ना माझा. लय झालं यांचं."

मागच्या ट्रॅक्टरवाल्यांनीही तेच धरलं असणार. कोणी जागचं हलत नव्हतं. घाई कोणालाच नव्हती, कारण घाई फक्त साहेबांना होती आणि साहेब तर पुढे आमच्या गाडीत होते. सायरनला कोणी मान वर करत नव्हतं. ती जी अँब्युलन्स ओरडत होती, ती आमचीच शेपटी आहे असं सगळे समजत होते. आणि आमच्या पुढ्यात तो दिवा फिरत होता आणि ते समजणं खरं करत होता.

मी सॉकेटातून वायर उपसली. उजेड गेला. पट्ट्या सैल होत्या. मी दिवा दोन्ही हातांनी धरून ओढला. आवरण तापलं होतं, चटका बसला, पण सोडला नाही.

"अहो सर!" ठेकेदार ओरडला.

मी दार उघडून उतरलो. दिवा डोक्यावर धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"साहेब नाहीत!" मी ओरडलो. "ताफा नाही! हा दिवा माझ्या घरातला आहे! मागची अँब्युलन्स खरी आहे!"

शेजारचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. मुंडण केलेला, पांढऱ्या कपड्यातला म्हातारा, हातात लाल दिवा. वेडा वाटलो असेन. होमगार्ड माझ्याकडे यायला लागला. मी तेच तेच ओरडत होतो, आणि काहीही हलत नव्हतं.

मग माझ्या शेजारून मेव्हणा धावत गेला. त्याने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला होता. थेट मागच्या ट्रॅक्टरपाशी जाऊन त्याने टॉवेल बॉनेटवर आपटला. "उतरव ट्रॉली खाली! खाली घे म्हणतो ना! तुझी आई असती आत तर काय केलं असतं रे?" ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली. त्याने दुप्पट दिली. पण ट्रॉली खाली उतरली. मग पुढची. मेव्हणा अँब्युलन्सच्या पुढे पुढे पळत होता, टॉवेल फिरवत, घामाघूम, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर ओरडत होता. ठेकेदारानेही गाडी बाजूला घेतली. ऊसवाला मागे सरला.

अँब्युलन्स माझ्या अगदी जवळून गेली. मागच्या काचेतून एक हात दिसला, बांगड्या भरलेला, सलाइनची बाटली उंच धरलेला. माणूस कोण होतं, पोचलं की नाही, मला माहीत नाही. कळायला काही मार्ग नव्हता.

ठेकेदार गाडीतून उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "माझी इज्जत घालवली तुम्ही, सर. चार गावांत लोक ओळखतात मला." मग मेव्हण्याकडे बघून, "तुझ्या ताईच्या कार्याला मी घरच्यासारखा राबलो." तो निघून गेला. ते मात्र खरं होतं. तो राबला होता.

आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. रांग पुन्हा लागली होती. मेव्हणा धापा टाकत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू होतास म्हणून," मी म्हणालो.

त्याने हात काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. तो माझ्या कुशीतल्या दिव्याकडे बघत होता.

"तो त्याला देऊन टाका, दाजी. अजून लांब गेला नसेल. नाहीतर नदीत सोडा. घरी नेऊ नका."

"आत्ता तू स्वतः पाहिलंस काय झालं ते."

"पाहिलं. गाडीवर लावू नको म्हणून मी त्याच्या पाया पडलो असतो. पण वस्तू त्याची होती. तेराव्याची होती." त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही उपटून घेतली. ताई आता कुठं जाईल?"

"तुझी ताई काय म्हणाली असती सांग. ती इथे असती तर?"

"ती नाही ना इथं! ती नाही म्हणून तर दान करतात. असती तर कशाला केलं असतं?"

आयुष्यभर वाचलेल्यातलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगाचं नव्हतं. दिवा परत द्यायला मी तयार नव्हतो, आणि त्याला हवं असलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. येवल्याकडे जाणारी बस आली. त्याने हात केला. चढताना तो थांबला, मला वाटलं वळेल. त्याने टॉवेल झटकला आणि आत गेला.

नाशिकच्या बसमध्ये मी दिवा मांडीवर घेऊन बसलो. टोपी ठेकेदाराच्या गाडीत राहिली होती. कंडक्टरने तिकीट फाडताना दिव्याकडे पाहिलं. "काका, लाल दिवा मिळूनही एसटीनेच?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो असेन. निफाड गेलं, चांदोरी गेलं. माझी बोटं चुरचुरत होती आणि मी ती खिडकीच्या गजावर टेकवून गार करत होतो. घरी आल्यावर कात्री घेतली आणि ती नवी वायर बुडाशी कापली. ट्रान्सफॉर्मर पुन्हा जोडायला मला येत नाही.

त्या रात्री मी मेव्हण्याला फोन केला, त्याने उचलला नाही. नंतर त्याच्या बायकोने उचलला, म्हणाली, "ते दुकानात आहेत, सांगते." भाऊबीजेला मी येवल्याला गेलो, पूर्वी ती जायची त्या गाडीने, साडीचोळी आणि फराळाचा डबा घेऊन. त्याच्या बायकोने मला बसवलं, पाणी दिलं. तो घरात होता. आतल्या खोलीत त्याच्या खोकल्याचा आवाज आला. बाहेर आला नाही. मी डबा ठेवून उठलो. दाराशी त्याच्या बायकोने हळूच विचारलं, "दाजी, तो दिवा तुम्ही अजून ठेवलाय का हो?" मी हो म्हटलं. तिने मान खाली घातली.

वर्षश्राद्धाला त्याला कळवलं होतं. तो आला नाही. गुरुजींनी विचारलं, माहेरकडचं कोणी? मी म्हटलं, येणार होते. गुरुजी पुढचं म्हणू लागले. मी त्यांना मधेच थांबवून विचारलं, तेराव्याचं दान परत आलं तर काय होतं. ते जरा विचारात पडले. म्हणाले, असं कोणी विचारत नाही, कारण असं कोणी करत नाही.

मी अधूनमधून फोन करतो. तो उचलत नाही. दिवे सगळे घरात आहेत.